गालिचा उलटा करून बघा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. जुळे सोलापुरातल्या नव्या घरासाठी तुम्ही प्रदर्शनातून सहा बाय नऊ फुटांचा गालिचा घेतलात. विकणाऱ्याने तो 'अस्सल इराणी काशान' आहे, हाताने विणलेला आहे असं सांगितलं, आणि त्यातल्या मोराचा, सुरूच्या झाडाचा, आठ पाकळ्यांच्या फुलाचा अर्थही समजावून दिला. तुम्ही विचारता की हा गालिचा खरा का, ते अर्थ खरे का, आणि गदगकडच्या आजीच्या ट्रंकेत सापडलेली चौकटींची सतरंजी नि आपली सोलापुरी चादर यांचं त्याच्याशी काही नातं लागतं का. शिवाय तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं असं की चादर यंत्रावर होते, तिच्यात कला कसली.

मी गालिचे विकत नाही. आमचं घराणं तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचं. घरात मागाला अजून मग्गमच म्हणतात. चाळीस वर्षं मी चादरींच्या जकार्डसाठी, म्हणजे मागावर नक्षीचे धागे उचलणाऱ्या यंत्रासाठी, चौकटींच्या कागदावर ग्राफ काढले आणि भोकांची कार्डं पाडली. मध्ये दोन वर्षं उत्तर प्रदेशातल्या भदोहीला गालिच्यांचे नकाशे रंगवायला होतो. नक्षी धाग्यात कशी उतरवतात एवढंच मला नीट कळतं, म्हणून तिथूनच सांगतो.

तुम्ही पाठवलेल्या दोन्ही फोटोंत गालिच्याची पुढची बाजू आहे. पुढची बाजू सगळ्यांचीच देखणी असते. तो उलटा करा. मागे कापड चिकटवलेलं असेल तर गालिचा 'टफ्टेड' आहे. ताणलेल्या कापडात बंदुकीसारख्या अवजाराने लोकर घुसवतात, मागून लॅटेक्सचा लेप देतात, वर दुसरं कापड लावतात. हे काम माणूसच हाताने करतो, त्यामुळे 'हाताने केलेला' हा शब्द खोटा ठरत नाही. पण त्यात एकही गाठ नसते, आणि काही वर्षांनी लॅटेक्स सुकून खालून भुकटी पडायला लागते. गाठींच्या गालिच्यात पुढची सगळी नक्षी मागे तशीच्या तशी दिसते, कण न् कण. झालरही बघा. खऱ्या गालिच्याची झालर म्हणजे त्याच्या उभ्या धाग्यांचीच टोकं असतात. वेगळी आणून शिवलेली झालर असेल तर तिथेच संशय धरा.

मागच्या बाजूला एक इंच आडवा आणि एक इंच उभा मोजा. आडव्या दहा नि उभ्या दहा गाठी असल्या तर चौरस इंचाला शंभर झाल्या. तुमचा गालिचा बहात्तर इंच बाय एकशे आठ इंच, म्हणजे ७,७७६ चौरस इंच. शंभराच्या हिशेबाने त्यात ७,७७,६०० गाठी आल्या. एका विणकराने दिवसाला आठ हजार गाठी मारल्या असं धरलं तरी तीन महिन्यांहून जास्त काळ तो त्या मागासमोर बसलेला असतो. आता तुम्ही मोजलेली किंमत या दिवसांनी भागा. रोजंदारी पोटापुरतीही निघत नसेल तर गालिचा गाठींचा नाही, हे मला फोटो न बघताही सांगता येईल.

'काशान' हे इराणमधलं वाळवंटाच्या कडेचं शहर. पण बाजारात काशान म्हणजे बहुतेक वेळा नक्षीचं नाव असतं: मध्ये मोठं पदक, चार कोपऱ्यांत त्याच पदकाचे पाव तुकडे, आणि भोवती वेलबुट्टी. ही नक्षी काश्मीरमध्ये विणतात, भदोहीतही विणतात. मी स्वतः भदोहीत तिचे नकाशे रंगवले आहेत. भदोही मागणीप्रमाणे कुठलीही नक्षी उचलते, म्हणून नक्षी बघून गाव ओळखायला गेलं की माणूस हमखास फसतो. गावाचा काही सुगावा लागलाच तर तो मागच्या बाजूला, गाठीच्या वळशात लागतो.

गाठी मुख्य दोन. एकीत लोकरीचा धागा शेजारच्या दोन उभ्या धाग्यांना वळसा घालतो आणि त्याची दोन्ही टोकं त्या दोघांच्या मधून वर येतात. ही तुर्की गाठ. दुसरीत एकाच उभ्या धाग्याला पुरता वळसा असतो, शेजारच्याच्या मागून धागा नुसता जातो. ही इराणी गाठ, हिला सेन्नेही म्हणतात. गंमत म्हणजे ज्या सेन्ने गावाच्या नावाने ती ओळखतात, तिथले विणकर तुर्की गाठच मारतात. जगातला सगळ्यात जुना अखंड म्हणावा असा गालिचा १९४९ साली अल्ताई पर्वतातल्या पाझिरिक इथे बर्फात गोठलेल्या थडग्यात सापडला. अडीच हजार वर्षांच्या आसपासचा. त्याच्या किनारीत घोडेस्वार आहेत, हरणं आहेत, चौरस सेंटीमीटरला सुमारे ३६ गाठी आहेत, आणि त्या तुर्की आहेत. म्हणजे हे काम तेव्हाही नवखं नव्हतं.

गाठ कळली की नक्षी आपोआप कळायला लागते, आणि माझं सगळं म्हणणं इथेच आहे. चौकटींच्या कागदावर, चौकटी भरत गोल काढून बघा. त्याला पायऱ्या पडतात. चौकोन बारीक केले की पायऱ्या नजरेला दिसेनाशा होतात आणि रेषा वळल्यासारखी वाटते. इराणी दरबारी गालिच्यांतली वेल इतकी लवचीक दिसते त्याचं कारण चित्रकाराच्या हाताइतकंच गाठींच्या दाटीत आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला अर्दबीलचा गालिचा, ज्यावर इसवी सनाच्या हिशेबाने १५३९-४० साल विणलेलं आहे, त्यात चौरस इंचाला ३४०च्या घरात गाठी आहेत. उलट कॉकेशसच्या डोंगरातले कझाक गालिचे जाड लोकरीचे, विरळ गाठींचे. तिथे वेल वळवायला गेलात तर ती मोडते. म्हणून तिथल्या बायकांनी वेल सोडून दिली आणि तारे, हुकासारखे आकडे, कंगोरे घेतले. मला ते गालिचे अतिशय आवडतात. जे धाग्याला जमतं तेच त्यांनी केलं, आणि ठाम केलं.

पण सगळा हिशेब दाटीचाच नाही. तुर्कमेन लोकांच्या गाठी चांगल्या बारीक असतात, तरीही त्यांच्या लाल गालिच्यांवर 'गुल' नावाच्या अष्टकोनी आकृत्यांच्या ओळीच्या ओळी असतात. ही माणसं फिरती. माग जमिनीवर आडवा मांडायचा, मुक्काम हलला की खुंट्या उपटून गुंडाळून न्यायचा. मागावर लावायला कागद नाही, समोर नकाशा नाही. आईकडून मुलीला नक्षी मिळाली ती आठवणीतून. आठवणीत राहायची तर नक्षी मोजता आली पाहिजे आणि परत परत यायला पाहिजे. आपल्याकडची रांगोळी आठवा. ठिपक्यांची रांगोळी पन्नास वर्षांनीही जशीच्या तशी काढता येते, मुक्तहस्त काढलेली येत नाही.

काश्मिरात आठवणीऐवजी 'तालीम' आहे. चित्रकार नक्षी काढतो, मग दुसरा माणूस ती खुणांच्या लिपीत लिहून काढतो: या रंगाच्या इतक्या गाठी, मग त्या रंगाच्या इतक्या. विणकरासमोर फूल नसतंच, खुणांची पट्टी असते. एकजण वाचतो आणि मागावर बसलेले ऐकून गाठी मारतात. इराणमध्येही नक्षी मोठ्याने गाऊन सांगायची पद्धत होती. मी भदोहीत पहिल्यांदा तालमीची पट्टी हातात घेतली तेव्हा मला तिच्यात आमचं कार्डच दिसलं. जोसेफ मारी जकार्डने १८०४ साली फ्रान्सच्या लिआँ शहरात जे यंत्र उभं केलं, त्याचं काम अगदी हेच. पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक असेल तिथे सुई आत जाते, तिचा हुक वर उचलला जातो आणि त्याला बांधलेला उभा धागा उठतो. भोक नसेल तिथे धागा खालीच. धोट्याच्या एका फेरीला एक कार्ड, अशी कार्डांची माळ. तालीम ऐकायला माणूस लागतो, कार्ड यंत्र ऐकतं. पण ते लिहितो माणूसच. पुढे लिआँमध्येच जकार्डचं स्वतःचं चित्र रेशमात विणलं, १८३९ साली, आणि त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली. सोलापुरात देवादिकांची, महापुरुषांची चित्रं विणलेली वॉल हँगिंग तुम्ही पाहिली असतील. ती याच घराण्यातली.

तुमच्या मैत्रिणीसाठी एक प्रसंग सांगतो. उमेदवारीच्या दिवसांतला. समोरासमोर दोन मोर असलेली चादर होती. आमच्याकडे २४० हुकांचा जकार्ड. २४०च धाग्यांवर नक्षी बसवली तर मोर लहान होतो. म्हणून प्रत्येक हुकाला दोन दोऱ्या बांधायच्या, एक डावीकडे आणि तिची जोडीदार उजवीकडे आरशासारखी उलटी. २४० हुकांत ४८० धाग्यांची नक्षी मिळते, अट एकच: डावी-उजवी बाजू एकमेकींची प्रतिबिंबं हवीत. सोलापुरी चादरीवरचे मोर एकमेकांकडे तोंड करून उभे असतात त्याच्यामागे ही दोरी आहे. तर त्या चादरीत मोराच्या मानेवर पांढरा ठिपका यायला लागला. मला वाटलं, धागा तुटला असेल. आमच्या वयस्कर उस्तादांनी चादर पसरली, डाव्या मोराच्या मानेवर बोट ठेवलं, मग उजव्या. ठिपका दोन्ही मानांवर, त्याच जागी. धागा तुटला असता तर एकाच मोराला डाग लागला असता. दोघांना लागला म्हणजे चूक कार्डात होती, म्हणजे माझ्या हातात. बारा चादरी विणून झाल्या होत्या. रात्री कंदिलापुढे धरून एकेक कार्ड तपासलं आणि चुकीचं भोक सापडलं. त्यानंतर कार्ड पाडताना मी कुणाशी बोलत नाही. यात कला नाही असं म्हणणाऱ्याने एकदा कोऱ्या ग्राफवर, फक्त भरलेल्या आणि रिकाम्या चौकटींत, मोराची मान वळवून दाखवावी. त्यातही चादर दोन्ही अंगांनी वापरायची असते. पुढे जो रंग फुलाचा तो मागे जमिनीचा होतो, म्हणजे एकाच वेळी दोन चादरींचा विचार करावा लागतो.

हाच आरसा तुमच्या गालिच्याची कसोटीही आहे. पदकाच्या गालिच्याचा नकाशा बहुधा पावच काढतात. उरलेले तीन भाग उलटून-पालटून विणायचे. पण तिथे उलटवणारी दोरी नसते, माणूस असतो. डाव्या कोपऱ्यातलं फूल आणि उजव्या कोपऱ्यातलं फूल मागच्या बाजूने मोजा. हातच्या कामात कुठे एक गाठ जास्त, कुठे पाकळी अर्धी ओळ वर, असं निघतंच. चारही कोपरे गाठीलाही न चुकता सारखे निघाले तर ते यंत्राचं काम समजा.

आता अर्थांबद्दल. नमाजाच्या गालिच्यावरची कमान म्हणजे मशिदीतला मेहराब, यात वाद नाही. तो गालिचा त्याच कामासाठी विणलेला असतो. चार कालव्यांनी विभागलेला बागेचा गालिचा म्हणजे खरोखरची चारबाग, कालव्यात मासेसुद्धा असतात. याच्या पलीकडे 'हे फूल म्हणजे दीर्घायुष्य, ही पाकळी म्हणजे समृद्धी' ही यादी बहुतेक वेळा दुकानात तयार होते. कोयरीचं बघा. इराणमध्ये तिला 'बोतेह' म्हणतात, म्हणजे झुडूप. काश्मिरी शालींवरून ती युरोपात गेली आणि स्कॉटलंडच्या पेझ्ली गावात तिच्या इतक्या नकला विणल्या गेल्या की इंग्रजीत तिला त्या गावाचंच नाव पडलं. आपण पैठणीच्या काठावर तिला कोयरी म्हणतो आणि आपल्याला आंबा दिसतो. आकार तोच, झुडूप खरं की आंबा? 'हेराती' नक्षीतल्या वळलेल्या पानांना इराणी विणकर मासा म्हणतात, आणि तिचं नाव हेरात शहरावरून. मी चाळीस वर्षांत कोयऱ्या किती काढल्या याचा हिशेब नाही. त्या काढताना माझ्या मनात अर्थ नव्हता. कोपऱ्यात वळण कसं बसवायचं ही चिंता होती, आणि कोयरी कोपऱ्यात फार छान बसते. तुमच्या मोरात तुम्हाला काही दिसत असेल तर ते तुमचंच आहे, जरूर जपा. फक्त त्यासाठी विकणाऱ्याला वेगळे पैसे देऊ नका.

आजीच्या सतरंजीकडे येतो, कारण खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त तीच आवडली. गदगपासून नवलगुंद जवळ. धारवाड जिल्ह्यातलं हे गाव जमखान्यांसाठी, म्हणजे नक्षीच्या सतरंज्यांसाठी, प्रसिद्ध आहे, आणि तिथे ते विणतात बायका, उभ्या मागावर, सुती धाग्यात. विजापूरच्या आदिलशाहीतले विणकर तिथे जाऊन वसले अशी तिथली परंपरेने आलेली हकीकत आहे. लाल, पिवळा, निळा, हिरवा असे ठळक रंग, मोर, आणि मधोमध 'पगडे', म्हणजे आपला सारीपाट. तुम्ही लिहिलेलं 'अधिक चिन्हासारखं, आत बारीक चौकटी' हे वर्णन मला त्या पटाचंच वाटतं. सतरंजीत गाठ नसते. आडवा धागा उभ्या धाग्यांना पुरता झाकून टाकतो, आणि पंजाने, लोखंडी दात्यांच्या अवजाराने, तो ठोकून बसवायचा. नुसते पट्टे हवे असतील तर आडव्या धाग्याचा रंग बदलला की काम झालं, काही मोजावं लागत नाही. आपल्या सभामंडपातली सतरंजी पट्ट्यांची असते ती यामुळे, आणि तमिळनाडूतल्या भवानीचं जमक्काळमही त्याच वाटेचं. चौकट किंवा मोर हवा असेल तर मात्र एका ओळीत चार ठिकाणी चार रंग थांबवायचे, वळवायचे. रंग जिथे मिळतात तिथे धागे एकमेकांत अडकवले नाहीत तर उभी फट पडते. फट टाळायला कुणी तिरकी नक्षी घेतं, कुणी धागे गुंतवतं. वरंगलच्या सतरंज्यांत हे गुंतवणं फार सफाईचं असतं. आजीची सतरंजी उजेडापुढे धरा आणि चौकटीच्या कडेला प्रकाश दिसतो का बघा.

गाठींचा गालिचा दख्खनला परका मात्र नव्हता. सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवर विजापूर आहे. गोलघुमटाच्या आवारातल्या संग्रहालयात आसार महालातले आदिलशाही काळाचे गालिचे आहेत, झिजलेले, तरी रंग धरून असलेले. पुढे इंग्रजी अमलात पुण्याच्या येरवडा तुरुंगात कैद्यांकडून गालिचे विणून घेत, आणि विजापूरच्या त्या जुन्या गालिच्यांच्या नकलाही तिथे उतरल्या. मराठीत गालिच्याला रुजामा असा जुना शब्दही आहे. आता तो कागदपत्रांतच भेटतो.

मग सोलापुरात गालिचा का रुजला नाही? माझं उत्तर आमच्या घराच्या जमिनीवर आहे. शहाबादी फरशी, चाळीसच्या पुढे जाणारा उन्हाळा, आणि धूळ. अशा घरात लोकर अंथरून कुणाला सुख? लोकर आपण पांघरली: सणगरांनी विणलेलं, चिंचोक्याची खळ दिलेलं धनगरी घोंगडं. अंथरायला झटकता येईल, धुता येईल असं सूत घेतलं. १८७७ साली इथली पहिली गिरणी, आपली जुनी मिल, चालू झाली, सूत दारात आलं, तेलंगणातले विणकर आले, आणि त्यांच्या हातातली मोजणी चादरीत उतरली. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. तरी सोलापूरच्या नावाने बाहेरची हलकी चादर विकली जाते आणि इथले कित्येक माग टॉवेलकडे वळले, याचं मला रोज वाईट वाटतं. ग्राफवर हाताने मोर काढणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत.

रंगाचं थोडक्यात. जुन्या गालिच्यांत लाल मंजिष्ठेचा, निळा नीळीचा. दख्खनमध्ये लाल रंगासाठी आल नावाच्या झाडाचं मूळही वापरत. १८६८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतलं अ‍ॅलिझरीन प्रयोगशाळेत बनवलं आणि या दोन्ही मुळांची शेती उठली. तुमच्या फोटोतल्या लाल जमिनीत फिकट-गडद आडवे पट्टे दिसतात, त्याला डाग समजू नका. लोकर थोडी थोडी रंगवली की एका घाण्याचा रंग दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. इराणी भाषेत त्याला 'अब्रश' म्हणतात. अर्थात हल्ली असे पट्टे मुद्दामही घालतात, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नका. ओलं पांढरं फडकं लाल भागावर घासा. फडकं लाल झालं तर रंग कच्चा, आणि तो गालिचा घरी धुण्याच्या भानगडीत पडू नका.

मागच्या बाजूचा फोटो उन्हात काढून पाठवा, शेजारी फूटपट्टी ठेवून. एक पदकाचा, एक कोपऱ्याचा, एक झालरीचा. गालिचा गाठींचा निघाला तर दर सहा महिन्यांनी त्याची दिशा फिरवा, म्हणजे खिडकीतलं ऊन आणि पायांची वर्दळ एकाच बाजूला पडणार नाही. पावसाळ्यात मागून बघत जा, कसर नेहमी अंधाऱ्या बाजूने लागते.

आजीची सतरंजी मात्र घडी करून परत ट्रंकेत टाकू नका. घडीच्या रेषेवर धागे आधी तुटतात. सावलीत पसरून मऊ ब्रशने धूळ काढा, जुन्या धुतलेल्या सुती धोतरात किंवा चादरीत घालून गोल गुंडाळा आणि आडवी ठेवा. कड उसवली आहे असं लिहिलंत, तिला मशीनची शिवण घालू नका. सुईने, जाड सुती दोऱ्याने, एकेका उभ्या धाग्याला टाका घेत कड बांधून घ्यायची. कुणी करणारं मिळालं नाही तर घेऊन या, मी बांधून देतो.